उमेदीच्या वर्षांना मुदत हवी

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत फोटो येतात. आई पेढा भरवते आहे, वडिलांच्या डोक्याला फेटा आहे, गावच्या वेशीवर अभिनंदनाचा फलक लागला आहे. असे फोटो पाहून कुणालाही आनंद व्हावा, मलाही होतो. पण आयुष्यभर खातेवह्या पाहिलेले माझे मन फोटोत नसलेल्यांचा हिशेब करू लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९ लाख ९२ हजारांहून अधिक अर्ज आले. प्रत्यक्ष परीक्षेला बसले ५ लाख ८३ हजार. शिफारस झाली १,००९ जणांची. आपल्याकडे २०२३ मध्ये तलाठी भरती निघाली, तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे फेटा बांधलेल्या एका घरामागे शेकडो घरे अशी, की जिथे त्या दिवशी कुणी फारसे बोलले नाही. आज लिहायचे आहे ते या घरांसाठी.

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ भागात सकाळी सातला फेरी मारली तर पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली घेतलेली मुले-मुली अभ्यासिकेकडे जाताना दिसतात. खोलीत एका कॉटपुरती जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेचे महिन्याचे शुल्क, क्लास, टेस्ट सिरीज. ही मुले आळशी नाहीत. कष्टाला ती आपल्या पिढीपेक्षा काकणभर सरसच आहेत. आणि ती या वाटेला का जातात, हेही समजून घेतले पाहिजे. कोरडवाहू शेती, गावात कारखाना नाही, शहरात ओळख नाही. अशा घरातल्या मुलाला ही परीक्षा म्हणजे चिठ्ठीचपाटीशिवाय आत जाता येईल असा एक दरवाजा वाटतो. तो अगदीच चुकीचे समजतो असे नाही. मी स्वतः १९८३ साली बँकिंग सेवा भरती मंडळाची परीक्षा देऊनच बँकेत क्लार्क म्हणून लागले. आमच्या घरात बँकेतल्या कुणाची ओळख नव्हती. म्हणून परीक्षा देऊ नका, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की या परीक्षेला जी वर्षे द्याल, त्यांना आधी मुदत लावा.

‘मुदत’ हा शब्द मी बँकेतूनच आणला आहे. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही तीन गोष्टी विचारत असू. पैसे कशासाठी हवेत, परतफेड कशातून होणार आणि किती दिवसांत होणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिली दोन कितीही चांगली असली तरी कर्ज मंजूर होत नसे. शैक्षणिक कर्जालाही शिक्षणाचा काळ आणि साधारणपणे त्यानंतरचे एक वर्ष एवढीच सवलत असते; पुढे हप्ता सुरू होतो. पण घरातून स्पर्धा परीक्षेसाठी जे पैसे जातात, त्यांना ना मंजुरीपत्र, ना मुदत. आणि पैशांबरोबर जे जाते ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. ते म्हणजे मुलाचे वय.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी काम करत असताना एक गृहस्थ दर वर्षी सोनेतारणाच्या काउंटरला येत. बायकोच्या पाटल्या तारण होत्या. व्याज भरायचे आणि कर्ज नवे-जुने करायचे, एवढे त्यांचे काम. “मॅडम, पोरगं पुण्याला हाय, औंदा हुईल त्याचं,” असे ते पहिल्या वर्षी म्हणाले. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाले. तिसऱ्या वर्षी मीच विचारले, “यंदा नाही झालं तर काय करायचं ठरवलंय त्यानं?” ते बराच वेळ पावतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ते इचारलं न्हाई कधी. इचारलं तर त्याला वाटंल, बापाचा इस्वास न्हाई.”

या एका वाक्यात आपल्या असंख्य घरांची अडचण आहे. बाप विचारत नाही, कारण मुलाचा हिरमोड होईल. मुलगा सांगत नाही, कारण बापाने पाटल्या ठेवल्या आहेत. आणि दोघांच्या या मायेपोटी दर वर्षी नवे-जुने होत राहते. नवा क्लास, नवी टेस्ट सिरीज, नवा वैकल्पिक विषय. बँकेत एखाद्या कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले, की ते खाते अनुत्पादित धरावे लागते. कर्जदार वाईट माणूस आहे, असा त्याचा अर्थ नसतो. वेळेत ओळखले तर त्यातून बाहेर येण्याची वाट काढता येते, एवढाच अर्थ असतो.

मग मुदत लावायची कशी? पहिली गोष्ट, वयोमर्यादा म्हणजे मुदत नव्हे. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा २०१६ पासून ३८ आहे, मागास प्रवर्गांना ४३. याचा अर्थ त्या वयापर्यंत अर्ज घेतला जाईल, इतकाच. त्या वयापर्यंत वाट पाहावी, असे आयोगाने कुठेही म्हटलेले नाही. उलट बाकीचे दरवाजे त्याच्या बरेच आधी बंद होतात. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांत क्लार्कसाठी खुल्या प्रवर्गाची मर्यादा २८, प्रोबेशनरी ऑफिसरसाठी ३०. केंद्रीय नागरी सेवेसाठी ३२ आणि तीही सहाच प्रयत्नांत. मागास प्रवर्गांना यात सवलती आहेत, पण दरवाजे बंद होण्याचा क्रम बहुधा हाच राहतो. एका कागदावर आपली जन्मतारीख लिहावी आणि पुढे कोणता दरवाजा कोणत्या महिन्यात बंद होतो, ते मांडावे. फक्त राज्यसेवेकडे डोळे लावून बसलेला मुलगा तिशी ओलांडतो, तेव्हा बँकेचा दरवाजा बंद झाल्याचे त्याला पुष्कळदा कळलेलेही नसते.

दुसरी गोष्ट, दर वर्षी खात्याचा आढावा. व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याचे नूतनीकरण आपोआप होत नाही. वर्षभराची उलाढाल पाहूनच होते. तसेच इथे करावे. पूर्वपरीक्षेचा कटऑफ किती लागला आणि आपले गुण किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. अंतर दर वर्षी कमी होत असेल, मुख्य परीक्षेपर्यंत मजल जात असेल, तर आणखी एक प्रयत्न शहाणपणाचा ठरेल. दोन-तीन वर्षे पूर्वपरीक्षाच अडत असेल आणि अंतर तेवढेच राहत असेल, तर हा कागद काय सांगतो ते ऐकावे. ‘थोडक्यात गेलं’ हा शब्द या कागदावर चालत नाही. किती गुणांनी गेले, तेवढेच लिहायचे.

तिसरी गोष्ट, हातात दुसरे काहीतरी असावे, आणि ते पहिल्याच वर्षापासून. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र थोड्या खर्चात मिळते आणि लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी भरतीला तेच लागते. वाणिज्य शाखेच्या मुलांनी सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. परीक्षेकडे जरूर पाहावे. पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था आपल्या राज्यात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना हिशेब व कायदा समजणारा माणूस नेहमीच हवा असतो. जीएसटीची विवरणपत्रे भरता येणारा मुलगा तालुक्याच्या गावीही बेकार राहत नाही. दिवसातले दोन तास यासाठी गेले तर अभ्यास बुडतो, हे मला पटत नाही. चौदा तास अभ्यासिकेत बसणे आणि चौदा तास अभ्यास होणे, यांत फरक आहे.

आता चौथी गोष्ट. मुदत संपली, निकाल आला नाही, आणि खासगी नोकरीसाठी अर्ज करायचा आहे. ‘मधल्या चार वर्षांचं काय सांगू?’ हा प्रश्न मुलांना फार छळतो. मी नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला अनेकदा बसले आहे. त्या बाजूने दिसते ते सांगते. मोकळी वर्षे खटकत नाहीत. लपवलेली वर्षे खटकतात. खोटा अनुभव लिहिलेला तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. सरळ लिहावे : ‘या चार वर्षांत राज्यसेवेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षा दिली, अर्थसंकल्प आणि पंचायत राज या विषयांचा अभ्यास आहे, मराठीत टिपणी आणि सारांश लिहिता येतो.’ अर्थसंकल्प वाचता येणारा, कायद्याचे कलम समजणारा, दोन भाषांत नीट लिहिणारा पदवीधर संस्थांना, विमा कंपन्यांना, प्रकाशकांना, शाळांना हवाच असतो. अर्ज मात्र एका पानाचा असावा आणि ज्या जागेसाठी आहे त्या जागेपुरता असावा. एकच अर्ज शंभर ठिकाणी पाठवला, की तो वाचणाऱ्यालाही ते लगेच कळते.

शेवटी पालकांसाठी दोन शब्द. मुलींच्या बाबतीत आपण मुदत लावतोच. ‘दोन वर्षं देतो, मग स्थळं बघू.’ ती मुदत तिने ठरवलेली नसते, तिला विचारून लावलेलीही नसते. मुलाला मात्र मुदतच नसते. दोन्ही गोष्टी अन्यायाच्याच. मुलगा असो वा मुलगी, समोर बसवून, चहा पिता पिता, किती वर्षे आणि किती पैसे, हे एकदा दोघांनी मिळून ठरवावे. पाहुण्यांसमोर ‘निकालाचं काय झालं?’ हे विचारणे सोडावे. या एका प्रश्नाला भिऊन दिवाळीला घरी न येणारी मुले मला माहीत आहेत. आणि मुदत ठरवतानाच तिच्या शेवटी काय, हेही बोलून ठेवावे. ‘नाही झालं तर ये, आपण दुसरं काहीतरी बघू,’ हे वाक्य पहिल्याच दिवशी कानावर पडले, तर अविश्वास वाटत नाही. अपयशी निकालाच्या दिवशी ते मनाशी धरायला होते.

पाटल्या आज ना उद्या सुटतात. सोने पुन्हा घेता येते. बावीस ते तीस ही वर्षे मात्र एकदाच मिळतात, आणि त्यांचा हिशेब मागणारा शाखाधिकारी कुठेही बसलेला नाही. तो घरानेच, मायेने आणि वेळेवर मागायचा असतो.