रोबो कोणी बनवला?

२००८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात 'एबीयू रोबोकॉन' झाली. आशिया-पॅसिफिकमधल्या महाविद्यालयीन संघांची ही स्पर्धा. खेळाचा विषय यजमान देशाने ठरवायचा, हा तिचा रिवाज. आपण विषय दिला गोविंदाचा. माणसांच्या थरांऐवजी रोबोंनी उंच टांगलेल्या मडक्यांतलं लोणी काढायचं होतं, आणि ही हंडी अखेर चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने पटकावली. विषय गोड होता, आपलाही होता. पण खऱ्या दहीहंडीचं त्याच सुमारास काय चाललं होतं ते आठवावं. मुंबई-ठाण्यात बक्षिसं लाखांच्या घरात गेली होती, थर वाढत होते आणि सगळ्यात वर लहान पोरं चढत होती. नियम मागाहून आले, तेही न्यायालयातून. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा आणि अठरा वर्षांची अट घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात सूट द्यायला नकार दिला. २०१७ मध्ये उंचीची अट गेली आणि वयाची चौदावर आली. आधी बक्षीस, मग अपघात, मग नियम, असा हा क्रम होता.

शालेय रोबोटिक्सच्या स्पर्धा आज या क्रमाच्या पहिल्या पायरीवर आहेत. इथे कुणाचं हाडबिड मोडत नाही, म्हणून काळजीचं कारण दिसत नाही, एवढाच फरक.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरात दहा हजार शाळांमध्ये टिंकरिंग लॅब उभारल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या लॅबला प्रत्येकी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. म्हणजे हे लोण आता शहरापुरतं राहणार नाही. नामपूरसारख्या गावांपर्यंत ते येणारच. बागलाण तालुक्यातलं मोसम नदीकाठचं हे कांदा-डाळिंबाच्या बाजाराचं गाव नाशिकपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. लॅब आली की स्पर्धा येतात, स्पर्धा आल्या की ढाल आणि वर्तमानपत्रातला फोटो येतो. त्या स्पर्धांचे नियम कोण लिहितं, कोण तपासतं आणि कुणाच्या सोयीने वाकवतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मला भीती वाटते ती मुलांच्या लबाडीची नाही. मुलांची लबाडी बहुतेक वेळा पकडली जाते, कारण ती कच्ची असते. मोठ्यांची मदत मात्र पक्की असते, आणि तिला लबाडी म्हणायलाही कुणी तयार नसतं.

अशा स्पर्धांच्या नियमांत दोन जाती असतात. एक मोजता येणारी. रोबो सुरुवातीला अमुक मापाच्या चौकटीत बसला पाहिजे, वजन इतकंच, बॅटरी इतक्याच व्होल्टची, वेळ इतकाच. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडच्या रोबोमिशन गटात रोबो आरंभरेषेवर पंचवीस सेंटिमीटरच्या घनात मावावा लागतो. 'फर्स्ट टेक चॅलेंज'मध्ये हाच घन अठरा इंचांचा. पट्टी लावली, काटा ठेवला की निकाल लागला. इथे वाद फारसा होत नाही, झालाच तर पाच मिनिटांत मिटतो.

दुसरी जात एकाच प्रश्नाची आहे: हा रोबो कोणी बनवला? याला पट्टी नाही. चाकं सरांनी बसवली का, कोड क्लासच्या दादाने लिहिला का, सांगाडा तयार किटमधून जसाच्या तसा उचलला का, हे रोबोकडे पाहून कळत नाही. उलट जितका रोबो सफाईदार, तितकी शंका अधिक आणि परीक्षकाचं कौतुकही अधिक. विज्ञान प्रदर्शनात वर्षानुवर्षं आपण हे पाहत आलो आहोत. हायड्रॉलिक जेसीबी, पावसात आपोआप आत जाणारी कपड्यांची दोरी, काठीला सेन्सर लावून अंधांसाठी केलेली 'स्मार्ट स्टिक'. तालुका बदलतो, प्रकल्प तोच. मुलं माहिती घडाघडा सांगतात, मधेच एखादा आडवा प्रश्न विचारला की गाडी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू होते. या पाठांतरालाही आपण कौतुकाने टाळ्या देतो.

ज्यांनी या स्पर्धा गंभीरपणे चालवल्या त्यांना ही दुसरी जात फार लवकर कळली. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तिथे 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' ही कल्पना रुजवली. जीव तोडून खेळायचं, पण प्रतिस्पर्ध्याचा स्क्रू हरवला तर आपल्या डब्यातला काढून द्यायचा, असा तिचा ढोबळ अर्थ. ऐकायला हा सुविचार वाटतो. पण त्यांनी तो फळ्यावर लिहून सोडला नाही, गुणपत्रिकेत घातला. 'फर्स्ट'च्याच लेगो लीगमध्ये मैदानावर रोबोने मिळवलेले गुण एकूण मूल्यमापनाचा फक्त चौथा हिस्सा धरतात. उरलेल्या तीन हिश्शांत रोबोची रचना कशी सुचली, संशोधन-प्रकल्प काय केला आणि संघ आपसांत कसा वागला हे येतं. त्यासाठी परीक्षक मुलांशी बंद खोलीत बोलतात, प्रशिक्षकाने तिथे तोंड उघडायचं नाही. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये स्पर्धेच्या सकाळी एक अनपेक्षित नियम जाहीर होतो. घरून पाठ करून आणलेला कार्यक्रम त्या दिवशी मुलांनाच बदलावा लागतो, आणि प्रशिक्षक कुंपणाबाहेर असतो. उसन्या रोबोची परीक्षा तिथेच होते. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेने आणखी वेगळी वाट काढली: निवडलेल्या संघांना किट संस्थाच पाठवते, म्हणजे ज्याच्या बापाचा खिसा मोठा त्याचा सेन्सर चांगला, हा प्रकारच उरत नाही.

आता आपल्याकडच्या, जिल्ह्या-तालुक्याच्या पातळीवर नव्याने उगवणाऱ्या स्पर्धांकडे पाहू. बऱ्याच ठिकाणी मांडणी अशी असते. एखादा खासगी क्लास शाळेला किट विकतो. त्याचेच प्रशिक्षक आठवड्यातून एकदा येऊन शिकवतात. वर्षाअखेरीला तोच क्लास स्पर्धा भरवतो, प्रवेश फी घेतो, त्याचीच माणसं परीक्षक असतात. अशा स्पर्धेत त्याच्या किटचा रोबो हरला तर पुढच्या वर्षी किट कोण घेईल? इथे कुणी वाईट माणूस असण्याची गरजच नाही. परीक्षक प्रामाणिक असला तरी त्याचा हात कुणाकडे झुकेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय सहभागी प्रत्येकाला पदक, प्रत्येक शाळेला 'उत्कृष्ट' ढाल. हरलेलं कुणी नसल्यामुळे तक्रारही कुणाची नसते.

नामपूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. एके काळी बाजारांत शेतमालाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. मालकाला कळायचा तो शेवटचा आकडा. १९६३ च्या बाजार समिती कायद्यानंतरच्या व्यवस्थेत उघड लिलाव आला. आज कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहतो, बोली सगळ्यांसमोर लागते, भाव पटला नाही तर शेतकरी माल परत नेऊ शकतो. बाजारातल्या सगळ्या तक्रारी त्याने मिटल्या असं नाही, पण कोणी किती बोली लावली हे तरी चारचौघांत ऐकू येतं. आपल्या मुलांच्या स्पर्धांचे गुण मात्र अजून रुमालाखालीच दिले जातात. परीक्षकाच्या हातातला कागद फाइलमध्ये जातो, बाहेर येतात ती फक्त तीन नावं.

नियमांची आणखी एक गंमत आहे, ती इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे 'नियम कडक करा' या सोप्या उत्तराला खीळ बसते. २०१० मध्ये 'फर्स्ट'च्या मोठ्या गटाच्या साखळी सामन्यांत क्रमवारीचं सूत्र असं होतं: जिंकणाऱ्या आघाडीला स्वतःचे गुण आणि वर हरणाऱ्यांच्या गुणांची दुप्पट, तर हरणाऱ्यांना जिंकणाऱ्यांचे गुण. हेतू उदात्त होता, प्रतिस्पर्ध्याला चिरडू नये. पण गणित येणाऱ्या मुलांनी ते उलगडलं आणि काही सामन्यांत दोन्ही आघाड्यांचे सहाच्या सहा रोबो एकाच बाजूने गोल करू लागले. सामना उरलाच नाही, सहाहीजणांचं भलं मात्र झालं. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या चार दुहेरी जोड्यांनी पुढची सोपी सोडत मिळावी म्हणून मुद्दाम शटल जाळ्यात मारलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि आठही खेळाडू बाद झाले. दोन्ही प्रसंगांत सूत्र लिहिणाऱ्यांचीच चूक आधी होती. माझं मत विचाराल तर रोबोवाली मुलं निर्दोष. लिहिलेला नियम त्यांनी वाचला आणि तो उघडपणे, सगळ्यांना दिसेल असा वापरला. पळवाट शोधणं हे अभियंत्याचं अर्धं काम आहे. खोटं बोलून दुसऱ्याचं काम आपलं म्हणणं ही निराळी गोष्ट, आणि आपल्याकडे नेमकी गल्लत होते ती इथेच. चतुर मुलाला 'नियमात बसत नाही' म्हणून दटावतात आणि काकांनी करून दिलेल्या रोबोला पहिलं बक्षीस मिळतं.

याची किंमत कोण मोजतं? पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जळालेला मोटर ड्रायव्हर तासाभरात बदलून मिळतो. नामपुरात तो कुरिअरने येतो, तोवर स्पर्धेची तारीख निघून जाते. लेगो लीगचं मैदान साधारण आठ फूट बाय चार फूट. ते वर्गात कायमचं मांडून ठेवायला मोकळी खोली लागते. नियमपुस्तिका इंग्रजीत, आणि तिच्यामागून प्रश्नोत्तरांचे खुलासे येत राहतात, त्यांनाही नियमाइतकंच वजन असतं. जी शाळा हे सगळं पार करून, स्वतःच्या मुलांच्या हातचा वेडावाकडा, पट्टी सोडून भरकटणारा लाइन फॉलोअर घेऊन नाशिकला जाते, तिची गाठ क्लासने बांधलेल्या गुळगुळीत रोबोशी पडते. ती मुलं हरतात ते ठीक. हरण्यात काही बिघडत नाही. पण परतीच्या एसटीत त्यांचे सर जो निष्कर्ष काढतात तो धोक्याचा: पुढच्या वर्षी आपणही क्लास लावू. बागलाणातल्या दोन-चार शाळांनी हा निष्कर्ष काढला की तालुक्यात रोबो बनवणारी मुलं संपली, रोबो मिरवणारी उरली.

यात आणखी तेल पडणार आहे. खेळाडूंना दहावीत वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटलाही मिळतात. उद्या रोबोटिक्सला गुण द्यावेत अशी मागणी येईल, आणि ती वरवर रास्तही दिसेल. मी तिच्या विरोधात आहे, निदान आत्ता. ज्या क्षणी ढालीचं रूपांतर टक्क्यांत होईल त्या क्षणी प्रकल्पांची दुकानं गल्लोगल्ली उघडतील, आणि तपासणीची कुठलीच यंत्रणा तोवर उभी नसेल. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत कल्पना निवडली गेली तर प्रतिकृतीसाठी दहा हजार रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. ही चांगलीच गोष्ट आहे, पण एवढ्या रकमेवरही तयार प्रतिकृती विकणाऱ्यांची नजर असतेच.

करण्यासारखं जे आहे ते खर्चिक नाही. किट विकणाऱ्याने परीक्षक व्हायचं नाही, हा पहिला नियम लिहून टाकावा. परीक्षकाने मुलांसमोर रोबोची एक वायर उपसावी किंवा सेन्सरची जागा बदलावी आणि दहा मिनिटं देऊन बाजूला व्हावं. ज्यांनी बांधला ते कुरकुरत का होईना जोडतील. बाकीचे दाराकडे, सरांकडे पाहतील, आणि त्यांचंही काही चुकलेलं नसेल, त्यांना कुणी हात लावू दिलेला नसतो एवढंच. प्रत्येक संघाची गुणपत्रिका निकालाच्या दिवशी भिंतीवर लागावी. नियमपुस्तिका मराठीत निघावी, खुलाशांसकट, आणि ती शाळेत स्पर्धेच्या निदान तीन महिने आधी पोचावी.

आणि हरकत. 'फर्स्ट'च्या स्पर्धांत मैदानाशेजारी प्रश्नासाठी एक चौकोनी जागा राखलेली असते. सामन्याच्या निकालावर आक्षेप असेल तर संघातल्या विद्यार्थ्याने तिथे जाऊन उभं राहायचं आणि पंचांशी स्वतः बोलायचं. प्रशिक्षकाला, पालकाला तिथे मुभा नाही. तालुक्याच्या प्रदर्शनात असा चौकोन आखायचा तर खडूचा एक तुकडा पुरेल. अडचण पुढे आहे: आठवीतली मुलगी त्यात उभी राहून 'सर, आमचे गुण चुकलेत' म्हणाली, तर तिचं ऐकून घेणारा पंच आधी हवा आणि नंतर शाळेत तिला त्याबद्दल बोल लावणार नाहीत, अशी हमीही.