लोखंड गेले, निदान कागद तरी राखा

ब्रिटनमध्ये 1948-49 या दोन वर्षांत आर्थर पेपरकॉर्न यांच्या आराखड्यावरून 49 एक्स्प्रेस इंजिने बांधली गेली. ती दमदार होती आणि दुरुस्तीलाही कमी यायची. पण 1955 च्या आधुनिकीकरण योजनेने डिझेलला वाट करून दिली आणि 1966 पर्यंत सगळीच्या सगळी भंगारात गेली. संग्रहालयासाठीही एक उरले नाही. पुढे 1990 मध्ये हौशी मंडळींनी पन्नासावे इंजिन नव्याने बांधायला घेतले. हे ‘टॉर्नेडो’ 2008 मध्ये रुळावर आले, तोवर सुमारे 30 लाख पौंड खर्च झाले होते. बॉयलर तर जर्मनीतल्या मायनिंगेनहून करून आणावा लागला, कारण वाफेची गाडी जगाला देणाऱ्या देशात तसा बॉयलर बांधणारे कोणी राहिले नव्हते. तरीही हे जमले ते यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात मूळ आराखडे शाबूत होते म्हणून.

मिरजेने यातून नेमके हेच घ्यावे. मीटरगेज, बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज आणि ब्रॉडगेज असे तिन्ही गेज पाहिलेले हे जंक्शन. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट 1897 मध्ये सुरू झाली आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. मीटरगेजवरच्या ‘वायपी’ जातीच्या प्रवासी इंजिनांपैकी शेवटची टेल्कोने जमशेदपूरला 1970 मध्ये बांधली. त्याच सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज होत होता. म्हणजे कारखान्यातून नवे इंजिन बाहेर पडत असतानाच त्याच्या पायाखालचे रूळ उखडले जात होते. याच मीटरगेजवर शेणोलीजवळ 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. तो प्रसंग समजायचा तर गाडी किती वेगाने धावायची, कुठे मंदावायची, हेही ठाऊक हवे.

गेज बदलले ते चुकले, असे कोणी म्हणू नये. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी गाडी जुन्या नॅरोगेजवर चालवणे अवघडच होते. लोकल फेऱ्या अपुऱ्या असताना जुन्या लोखंडावर पैसा कशाला, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणूनच मागणी इंजिनांच्या ताफ्याची नाही. आराखडे, वेळापत्रके, शेडमधल्या नोंदवह्या आणि सिग्नलची जुनी उपकरणे जपायला लाखो पौंड लागत नाहीत. एक कोरडी खोली, एक जाणता माणूस आणि रेल्वेची परवानगी पुरे. ‘ही तर इंग्रजांची मढी, आपल्याला काय त्यांचे?’ असेही विचारले जाईल. रूळ टाकायचा निर्णय इंग्रजांचा होता हे खरे, पण कोळसा भट्टीत ढकलणारे फायरमन, इंजिन हाकणारे ड्रायव्हर आणि ते दुरुस्त करणारे फिटर इथलेच होते. चौथऱ्यावर रंगवून ठेवलेले इंजिन त्यांचे काम सांगू शकत नाही. त्यासमोर फोटो तेवढे निघतात.

वाफेच्या इंजिनावर हात काळे केलेली ही माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मध्य रेल्वेचा पुणे विभाग, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आणि इथली महाविद्यालये यांनी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचे काम येत्या शैक्षणिक वर्षातच हाती घ्यावे. ज्यांच्या घरी जुनी टाइमटेबले किंवा शेडचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत.