आळस नावाचा खोटा आरोप

व्यायाम न करणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं: जिद्द नाही. हा पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो मांडणारे बहुतेक जण समोरच्याच्या भल्यासाठीच बोलत असतात. पाय धडधाकट आहेत, चालायला पैसे पडत नाहीत, चालण्याचे फायदे शाळकरी पोरालाही पाठ आहेत. तरीही माणूस अंथरुणातून उठत नसेल तर खोट त्याच्या मनात आहे. मन घट्ट केलं की शरीर आपोआप मागे येतं.

हा युक्तिवाद चुकीचा आहे आणि क्रूरही आहे. मन म्हणजे शरीरापासून अलग, त्याच्यावर हुकूम चालवणारं कुणीतरी आहे, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. या गृहीतकाला जवळपास सत्तर वर्षांपूर्वीच तडा गेला, आणि त्याला निमित्त झाली आपल्या सह्याद्रीतही उगवणारी सर्पगंधा. तिच्या मुळीचा रक्तदाबावरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली पाश्चात्त्य वैद्यकापुढे ठेवला. पुढे त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना टोचलं, तेव्हा ससे जागच्या जागी थिजले. पाय शाबूत होते, स्नायू शाबूत होते. मग ज्यापासून मेंदूत डोपामाइन हे रसायन तयार होतं ते एल-डोपा त्यांना टोचलं आणि तेच ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. हा प्रयोग १९५७ सालचा. डोपामाइनवरच्या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

यावर कुणी म्हणेल, ते तर औषधाने लुळे केलेले प्राणी. धडधाकट माणसाच्या कंटाळ्याशी त्यांचा काय संबंध? आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या जॉन सालामोन यांच्या उंदरांनी दिलं. एका वाटेला जास्त खाऊ, पण मध्ये चढून जाण्याजोगा अडथळा. दुसऱ्या वाटेला थोडा खाऊ, पण सरळ रस्ता. साधारण उंदीर अडथळा चढून जातात. मेंदूतल्या न्यूक्लियस अकम्बन्स या भागातलं डोपामाइन घटवलं की ते थोडक्यात समाधान मानतात. दुसरी वाट रिकामी ठेवली, तर मात्र हेच उंदीर पुन्हा अडथळा चढतात. म्हणजे भूक मेलेली नाही आणि ताकदही गेलेली नाही. बदलला आहे तो हिशेब: एवढ्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत का? पार्किन्सनच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बक्षिसासाठी हाताची मूठ किती जोराने आवळायची, हे त्यांना निवडायचं होतं. डोपामाइन वाढवणारं औषध घेतलेलं असताना तीच माणसं जास्त जोर लावायला तयार झाली. एवढ्यात त्यांचे संस्कार बदलले नव्हते.

सकाळी जिवावर येतं ते चालणं नव्हे, उठणं. त्या क्षणी मेंदू याच हिशेबात अडकलेला असतो.

इथे समाजमाध्यमांतल्या एका समजुतीचंही खंडन करायला हवं. डोपामाइन म्हणजे सुखाचं रसायन, तेव्हा काही दिवस सगळी सुखं सोडली की प्रेरणा परत येते, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मिशिगनच्या केंट बेरिज यांनी डोपामाइन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या जिभेवर गोड थेंब ठेवले. उंदरांनी ते आवडीने चाटले. गोडी कायम होती, पण ती मिळवायला स्वतःहून जाण्याची ओढ उरली नव्हती. सुख आणि ओढ ही दोन वेगळी खाती आहेत.

स्थूल माणसावर तर या आरोपाचा सगळ्यात मोठा अन्याय होतो. संशोधक ॲलेक्सई क्रॅविट्झ यांच्या गटाने उंदरांना चरबीयुक्त खाणं देऊन लठ्ठ केलं. त्यांच्या मेंदूत डोपामाइनचे डी-२ हे ग्राहक नीट काम करेनासे झाले आणि हालचाल मंदावली, तीही बरंचसं वजन चढण्याआधीच. उंदराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा चिकटवू नये, हे खरं. पण अशा माणसाला तपासणीच्या टेबलावर दोन मिनिटांत खडसावण्याआधी डॉक्टरांनी थांबावं, एवढं बळ त्या निष्कर्षात नक्की आहे.

मग सगळं रसायनांवर सोडून बसून राहायचं का? नाही. हा दुसरा पक्षही तितकाच खोटा आहे. पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचं भारतातलं प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होतं, २०२२ साली ते ४९ टक्क्यांवर गेलं असा अंदाज आहे. बावीस वर्षांत एका देशाची जनुकं बदलत नाहीत, आणि निम्म्या प्रजेची जिद्दही अचानक विरून जात नाही. मेंदू तोच आहे. बदललं आहे ते त्याच्यासमोर मांडलेलं गणित: बैठं काम, दोन-दोन तासांचा प्रवास, गाड्यांनी गिळलेले फुटपाथ, इमारतींखाली गेलेली मैदानं.

हालचालीची ओढ मुळात प्राण्यात असते. नेदरलँड्समध्ये योहाना मायर यांनी उघड्या रानात एक फिरतं चाक ठेवलं. रानातले उंदीर आपणहून येऊन त्यावर धावले आणि खाऊ ठेवणं बंद केल्यावरही येत राहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचं मला फार मोल वाटतं. ओढ जागी व्हायला चाक वाटेत असावं लागतं.

म्हणून माझा उत्तरपक्ष असा: माणसाला धारेवर धरू नका, त्याच्या उठण्याची किंमत कमी करा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटंच चाला, पण जिच्याशी बोलायला आवडतं अशा सोबतीबरोबर चाला, असा सल्ला डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहिता येतो. त्याने कष्टाची बाजू हलकी होते आणि मोबदला लगेच हाती येतो. यापुढचं काम मात्र एकट्यादुकट्याच्या हातातलं नाही. २०२२ च्या त्याच अंदाजात पुरुष ४२ टक्के आहेत, तर स्त्रिया ५७. ज्या बाईला ऑफिस, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास उरकून अंधाऱ्या रस्त्यावर एकटीने चालायचं आहे, तिच्या मेंदूच्या हिशेबात भीतीही कष्ट म्हणूनच धरली जाते. रस्त्यावरचे दिवे, सलग फुटपाथ आणि वस्तीजवळचं मैदान यांची तरतूद महापालिकांच्या अंदाजपत्रकात करावी लागते. ती सार्वजनिक आरोग्याच्या खर्चात धरली जावी, अशी मागणी प्रत्येक प्रभागातून व्हायला हवी.