लँकेशायरचा संघ व खानदेशचा भक्त

परदेशांतील एखाद्या फुटबॉल-संघासाठीं आपल्या इकडच्या मुलांनीं रात्री जागून काढाव्या, त्याच्या पराभवानें जेवण टाकावें व त्याच्या विजयानें गल्ली दणाणून सोडावी, हें वडीलधाऱ्या मंडळींना मुळींच मानवत नाहीं. “लिव्हरपूल काय तुझ्या मामाचें गांव लागून गेलें आहे?” हा प्रश्न जळगांवांत काय आणि धुळ्यांत काय, पुष्कळ घरांतून विचारला जातो. प्रश्न थट्टेचा असला तरी खोटा नाहीं, आणि त्याला थट्टेनेंच उत्तर देऊन भागणार नाहीं. ज्याच्याशीं आपला जन्माचा, भाषेचा वा रोजच्या व्यवहाराचा कांहींएक संबंध नाहीं त्याच्यावर मनुष्यानें इतकें प्रेम करावें काय, आणि केलें तर तें खरें मानावें काय, याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आहे. हें वेड मजपासून फार दूरचें नाहीं, एवढें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

प्रथम या भक्तीचें वेळापत्रक पाहावें. इंग्लंडांत शनिवारीं दुपारीं तीनला सुरू होणारा सामना हिवाळ्यांत आपल्याकडे रात्रीं साडेआठला लागतो. उन्हाळ्यांत तेथील घड्याळें एक तास पुढें करतात, म्हणून साडेसातला. तेथें रात्रीं आठला सुरू होणारा सामना मात्र हिवाळ्यांत आपल्याकडे दीड वाजतां सुरू होतो. जानेवारींतल्या थंडींत, सारें घर निजलेलें असतां, गोधडींत मोबाईल धरून, आवाज बंद करून खेळ पाहणें आणि गोल झाला असतांहि ओरडतां न येणें, ही शिक्षा ज्यानें भोगली त्यालाच तिची कल्पना येईल.

शनिवारीं दुपारीं तीन ही वेळ कोणा मंडळाला सहज सुचली असें नाहीं. 1850 च्या कारखाना-कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें काम शनिवारीं दुपारीं दोनला थांबूं लागलें. त्यांच्यावांचून गिरणी चालणें कठीण, त्यामुळें हळूहळू पुरुषांनाहि ती अर्धी सुट्टी मिळाली. हातपाय धुऊन मैदानावर पोंचावयास एक तास पुरे. या अर्ध्या सुट्टीनें इंग्लंडचा फुटबॉल वाढविला. 1883 सालीं ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघानें, ज्यांत विणकर होते, सूतगिरणींत काम करणारा होता, लोखंडाच्या कारखान्यांतला मजूर होता, लंडनच्या मैदानावर ईटन विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना 2-1 असें हरवून एफ. ए. चषक नेला. तोंपर्यंत तो चषक दक्षिणेकडील सुखवस्तु हौशी संघांखेरीज कोणाला मिळाला नव्हता. पुढें 1888 सालीं बारा संघांनीं मिळून फुटबॉल लीग स्थापिली. त्यांतील पांच संघ ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्न्ली व प्रेस्टन या लँकेशायरच्या कापडाच्या गांवांचे होते.

आतां त्या मामाच्या गांवाविषयीं. या गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः अमेरिकेंतून येई. 1861 सालीं तेथें यादवी युद्ध पेटलें, कापूस अडला, आणि लँकेशायरांत लक्षावधि माणसांवर उपासमारीचा प्रसंग गुदरला. त्या चार वर्षांत मुंबई बंदरांतून कापसाचा जो ओघ तिकडे गेला त्यांत आपल्या काळ्या जमिनींतला कापूसहि होता; जळगांव ही कापसाची मोठी पेठ म्हणून नांवारूपास आली ती याच युद्धाच्या काळांत. तिकडचे कामगार पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला सरसकट ‘सुरती’ म्हणत, आणि धागा आखूड व कचरा फार म्हणून त्याच्या नांवानें बोटें मोडीत. 1865 सालीं युद्ध थांबलें, भाव कोसळले, आणि आपली गरज संपली. तेव्हां नातें आहे, पण तें गिऱ्हाइकाचें आणि मालाचें. त्याच्या जोरावर कोणताहि हक्क सांगण्याची माझी इच्छा नाहीं. मी इतकेंच म्हणतों कीं, ज्यानें अमळनेरच्या प्रताप मिलच्या किंवा धुळ्याच्या न्यू प्रताप मिलच्या गोष्टी घरांतल्या वृद्धांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्याला ब्लॅकबर्न म्हणजे कसलें गांव हें फोड करून सांगावें लागत नाहीं.

या भक्तींत सुख किती व दुःख किती याचा हिशेब मांडल्यास पारडें दुःखाकडेच झुकेल. सुखाचे दिवस बोटांवर मोजतां येतात. 25 मे 2005 रोजीं इस्तंबूल येथें युरोपांतील अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत लिव्हरपूल मध्यंतरापर्यंत मिलानच्या संघाविरुद्ध 0-3 असा मागें होता. उत्तरार्धांत अवघ्या सहा मिनिटांत त्यानें तीन गोल केले व शेवटीं पेनल्टीच्या फटक्यांवर चषक जिंकला. आपल्याकडे मध्यंतर झालें तेव्हां रात्रीचा एक वाजून गेला होता. जे निराश होऊन झोंपले ते अजूनहि हळहळतात. 13 मे 2012 रोजीं मँचेस्टर सिटीचा आग्वेरो यानें 94 व्या मिनिटाला गोल करून अजिंक्यपद खेंचून आणलें. त्याच वेळीं दुसऱ्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू आपला सामना जिंकून, पद आपलेंच झालें या समजुतीनें उभे होते. एकाचा स्वर्ग तो दुसऱ्याचा नरक. वसतिगृहाच्या एकाच खोलींत या दोन संघांचे दोन भक्त राहत असतील तर त्या रात्रीं त्यांचें काय झालें असेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

दुःखाची यादी मात्र लांबत जाते. आर्सेनलनें 2003-04 चा 38 सामन्यांचा सबंध हंगाम एकहि पराभव न पत्करतां पार पाडला, आणि त्यानंतर 20 वर्षांत त्याला एकदांहि अजिंक्यपद मिळालें नाहीं. 2023, 2024 व 2025 असें ओळीनें तीनदां तो दुसरा आला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची भक्ति करणें हें तर कठोर व्रत होय. 1966 सालीं विश्वचषक जिंकल्यानंतर मोठ्या स्पर्धांतून पेनल्टीच्या फटक्यांवर हा संघ 1990, 1996, 1998, 2004, 2006, 2012 व 2021 असा सात वेळां हरला. 2024 च्या युरोपीय अंतिम सामन्यांत स्पेनकडून पुन्हां पराभव. त्याच इंग्लंडच्या स्त्रियांच्या संघानें 2022 व 2025 असें दोनदां युरोपीय अजिंक्यपद मिळविलें, आणि दुसऱ्या वेळीं तें पेनल्टीच्या फटक्यांवरच मिळविलें, हें आमच्या पुष्कळ भक्तांच्या गांवींहि नसतें. इंग्लंड कधींच जिंकत नाहीं म्हणून जे रडतात त्यांनीं अगोदर आपण कोणता इंग्लंड पाहतों तें ठरवावें.

आपल्या इकडे संघ निवडण्याची रीत सरळ आहे. मूल दहा-बारा वर्षांचें असतां जो संघ जिंकत असतो तो त्याचा होतो. याला कित्येक जण खोटी भक्ति म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. तेथल्या मुलाचा संघ बाप ठरवितो, आपल्याकडे तें काम योगायोग करतो, एवढाच भेद. भक्ति खरी कीं खोटी हें पुढें ठरतें. 2016 सालीं लेस्टर सिटी हा लहानसा संघ अनपेक्षितपणें प्रीमिअर लीगचा अजिंक्य ठरला. हंगामापूर्वीं त्याच्यावर पैजेचा भाव एकास पांच हजार होता. त्या वर्षीं त्याच्या निळ्या सदऱ्याची हौस पुष्कळांना आली. 2023 सालीं लेस्टर खालच्या श्रेणींत उतरला, 2024 सालीं वर आला, 2025 सालीं पुन्हां उतरला. ते निळे सदरे आतां कोणत्या पेटींत आहेत, असें विचारण्याचा मोह मला आवरत नाहीं.

या सर्व प्रकरणांत आपणां मराठी माणसांना अगदीं जवळचें असें एक उदाहरण आहे, आणि तें फारसें सुखाचें नाहीं. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा वर सांगितलेल्या बारा संस्थापक संघांपैकीं एक. त्याच गांवच्या जॅक वॉकर या पोलादाच्या उद्योजकानें त्याला द्रव्यबळ पुरविलें, व 1995 सालीं शेवटच्या दिवशीं लिव्हरपूलकडून हरूनहि तो संघ प्रीमिअर लीगचा अजिंक्य झाला, कारण त्याच दिवशीं मँचेस्टर युनायटेडला जिंकतां आलें नाहीं. वॉकर 2000 सालीं वारला. नोव्हेंबर 2010 मध्यें पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज या कोंबडीपालनाच्या उद्योगसमूहानें हा संघ विकत घेतला. पुढच्याच महिन्यांत जुन्या प्रशिक्षकास निरोप देण्यांत आला. ऑक्टोबर 2011 मध्यें संघ पुण्यास येऊन बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफ. सी. शीं खेळून गेला. मे 2012 मध्यें घरच्याच मैदानावर विगनकडून हरून तो प्रीमिअर लीगमधून बाहेर पडला. त्या दिवशीं प्रेक्षकांनीं संघाचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानांत सोडली. 2017 सालीं तो तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला, आणि 2018 सालीं एक पायरी वर आला.

मालकांनीं त्या संघांत पुढेंहि पैसा ओतला, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. दोष कोणाचा किती याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु लँकेशायरमधील एका जुन्या गांवांत पुण्याचें नांव संतापानें उच्चारलें जातें, ही गोष्ट आपणांस विचार करावयास लावणारी आहे. दीडशें वर्षांपूर्वीं आपला कापूस कोणत्या भावानें घ्यावयाचा तें तेथें ठरत असे; आतां त्यांच्या संघाचा प्रशिक्षक कोण असावा तें येथें ठरूं लागलें. ज्यांना यांत कांहीं सूड उगवल्याचा आनंद होत असेल त्यांच्याशीं माझें जमणार नाहीं. आजा-पणज्यापासून ज्या मैदानावर घरचीं माणसें शनिवारीं जात आलीं, त्या मैदानाविषयीं आपला शब्द कोणी ऐकत नाहीं, हें दुःख गिरणी बंद पडतांना आपल्या कामगारांनीं पाहिलेल्या दुःखाहून फार निराळें नसावें.

बेरी नांवाच्या शेजारच्या कापडाच्या गांवाचें तर याहून वाईट झालें. 1885 सालीं स्थापन झालेल्या त्याच्या संघानें 1900 व 1903 सालीं एफ. ए. चषक जिंकला होता. दुसऱ्या वेळीं अंतिम सामन्यांत त्यानें सहा गोल केले व एकहि होऊं दिला नाहीं. ऑगस्ट 2019 मध्यें पैशाच्या अडचणींमुळें लीगनें त्याला काढून टाकलें. निकालाच्या दिवशीं शेंकडों स्त्रीपुरुष झाडू व बादल्या घेऊन मैदान स्वच्छ करीत होते. कोणी नवा मालक येईल, सामना होईल, या आशेनें. मालक आला नाहीं. तरी त्या लोकांनीं हातपाय हलविले व 2023 सालीं त्याच मैदानावर पुन्हां गांवचा संघ उतरविला.

मला आमच्या भक्तमंडळींना विचारावयाचें आहे तें येथें. झाडू घेणारे ते हात आपण कधीं पाहिले आहेत काय? आपण त्यांचे उत्तम खेळाडू पाहतों, चुरशीचे सामने पाहतों, पण ते लोक ज्या एका गोष्टीमुळें भक्त झाले ती पाहत नाहीं: ते स्वतःच्या गांवच्या संघाकडे चालत जातात. इंग्लंडांत 1960 नंतर एक नियम रूढ झाला, कीं शनिवारीं दुपारच्या सामन्यांचें थेट प्रक्षेपण त्या देशांत करावयाचें नाहीं. बर्न्ली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनीं त्याचा आग्रह धरिला होता. लोकांनीं घरीं बसूं नये, लहान संघांचें मैदान ओस पडूं नये, हा हेतु. यामुळें मौज अशी झाली कीं, शनिवारीं तीनचा जो सामना जळगांवचा मुलगा गोधडींत पाहूं शकतो, तो त्याच गांवांत राहणाऱ्याला घरबसल्या दिसत नाहीं. त्याला पायच उचलावे लागतात.

हें आपल्या महाराष्ट्रांत होत नाहीं असें नव्हे. कोल्हापुरांत पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या कुस्तीच्या तालमींच्या नांवानें फुटबॉलचे संघ उभे आहेत, व त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जातें. तेथेंहि घरोघर परदेशी संघांचे भक्त आहेतच. पण आपल्या पेठेचा सामना टाकून कोणी दूरदेशचा सामना पाहत बसत नाहीं. त्याच कोल्हापुरांतला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला, आणि पुढें सरावासाठीं ब्लॅकबर्न रोव्हर्सकडेहि जाऊन आला.

आपल्याकडे मैदान म्हटलें कीं जळगांवचें सागर पार्क वा धुळ्याचें गरुड मैदान, आणि त्यावरील सभा व प्रदर्शनें आठवतात. सुब्रोतो चषकासाठीं शाळांचे सामने जिल्ह्यांत होतात, त्यांना खेळणाऱ्यांचे सोबती व दोन-चार शिक्षक यांखेरीज कोण असतें? मँचेस्टरच्या अकरा खेळाडूंचीं नांवें, त्यांचे क्रमांक व त्यांच्या गुडघ्यांचीं दुखणीं तोंडपाठ असलेल्या मुलाला आपल्या शाळेचा गोलरक्षक कोण हें ठाऊक नसतें. त्या गोलरक्षकाला मात्र मागें कोणी उभें आहे कीं नाहीं हें पहिल्याच मिनिटाला कळतें.

कोणीं आपला दूरचा संघ सोडावा असें माझें म्हणणें मुळींच नाहीं, आणि सोडा म्हटल्यानें कोणी सोडणारहि नाहीं. शिवाय वेळेची अडचणहि नाहीं. हिवाळ्यांत शाळेचा सामना उजेड आहे तोंवर, म्हणजे साडेपांचपर्यंत, आटोपतो. ब्लॅकबर्नचा साडेआठला सुरू होतो. मध्यें जेवावयास तीन तास उरतात.