गाळा रिकामा आहे. पण स्वस्त आहे का?

मोहल्ल्याच्या बाजारात दहा बाय बाराच्या दुकानात दोन पिढ्या काढलेल्या कुटुंबाकडे एक दिवस दलाल येतो. नव्या शॉपिंग सेंटरचा नकाशा पसरतो आणि सांगतो, "शेठ, गाळे रिकामे आहेत, मालक अडला आहे, आत्ताच घ्या." थोरल्या मुलाला ही जागा आवडते, वडिलांना रस्त्यावरचे जुने दुकान सोडवत नाही. मुंबई, ठाणे, भिवंडी, पुणे असा कोणत्याही शहराचा व्यापारी घ्या, हा प्रसंग त्याला परका नाही. या प्रश्नाचा विचार भावनेने नव्हे, हिशेबाने व्हावा, असे आम्हांस वाटते.

आधी हे पाहू की गाळे रिकामे का पडतात. नाईट फ्रँक या मालमत्ता क्षेत्रातील कंपनीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशातील आठ मोठ्या शहरांत ६४ शॉपिंग सेंटरांतील ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी होती. आदल्या वर्षी हा आकडा ५७ होता. त्यातली खरी गोष्ट पुढेच आहे. मोठ्या, उत्तम दर्जाच्या मॉलमध्ये रिकाम्या जागेचे प्रमाण जेमतेम ५ टक्के होते, तर एक लाख चौरस फुटांपेक्षा लहान सेंटरांत ते ३६ टक्क्यांच्या वर गेले होते. दलाल आपल्याकडे येतो तो बहुधा या लहान सेंटरांचा नकाशा घेऊन.

कारण सरळ आहे. मोठ्या मॉलचा मालक बहुधा एकच असतो. कपड्याचे दुकान कुठे, खाण्याचे कुठे, हे तो ठरवतो. गिऱ्हाईक यावे म्हणून खर्च करतो. लहान सेंटरांत मात्र बिल्डर एकेक गाळा वेगवेगळ्या गुंतवणूकदाराला विकून मोकळा होतो. मग शंभर गाळ्यांचे शंभर मालक. लिफ्ट बंद पडली तर विचारणारा कोणी नाही. भाडे उतरवले तर गाळ्याची विक्रीची किंमतही उतरेल, म्हणून मालक कुलूप लावून बसतो, पण भाडे कमी करीत नाही. शेजारचे शटर बंद, म्हणून गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक येत नाही, म्हणून आणखी एक शटर बंद होते. मोठ्या नावाच्या जागाही यातून सुटत नाहीत. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली थाटात उघडलेला क्रॉसरोड्स मॉल पुढे नाव बदलूनही ओस पडला.

आता भाड्याचा हिशेब. समजा गाळा कागदावर २५० चौरस फुटांचा आहे आणि भाडे चौरस फुटाला १०० रुपये, म्हणजे महिना २५,००० रुपये. प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा, म्हणजे कार्पेट, १५० फूटच भरते. खऱ्या जागेचा दर झाला सुमारे १६७ रुपये. त्यावर देखभाल खर्च फुटाला १५ रुपये, म्हणजे ३,७५० रुपये. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, ५,१७५ रुपये. एकूण ३३,९२५ रुपये. महिन्याला २६ दिवस दुकान उघडले तर रोजचे १,३०० रुपये फक्त जागेचे. मालावर २० टक्के सुटत असतील तर रोजची पहिली साडेसहा हजारांची विक्री जागामालकासाठी झाली. वीज, नोकर आणि घर त्यानंतर.

जीएसटीत नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असेल तर त्या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनमधील वा नोंदणी नसलेल्या लहान कारागिराला ते मिळत नाही. त्याच्या खिशातून ते कायमचे जाते. मालक नोंदलेला नाही आणि दुकानदार नेहमीच्या पद्धतीने नोंदलेला आहे, अशा वेळी १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर दुकानदारानेच भरायचा आहे. कंपोझिशनवाल्यांना त्यातून १६ जानेवारी २०२५ पासून वगळले आहे.

आणखी एक इशारा. कित्येक जण गाळा पाहायला जातात ते रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत. त्या गर्दीवर वर्षाचे भाडे कबूल करणे ही मोठी चूक होय. पावसाळ्यातल्या एका मंगळवारी दुपारी त्या सेंटरात दोन तास उभे राहा, आत येणारी माणसे मोजा, आणि किती जणांच्या हातात पिशवी आहे तेही पाहा.

तर मग नवा गाळा घेऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. रिकामा गाळा ही घेणाऱ्याची ताकद आहे. मात्र ती सहीच्या आधीच चालते. भाडे कार्पेटवर ठरवा. सजावटीच्या काळाचे दोन-तीन महिने भाडे माफ करून घ्या. पहिल्या वर्षी ठरीव भाडे कमी आणि विक्रीवर काही टक्के, अशी मागणी करा. 'लॉक-इन' म्हणजे ज्या मुदतीत तुम्हांस गाळा सोडता येत नाही ती मुदत. ती कमीत कमी ठेवा. चार-पाच ओळखीच्या व्यापाऱ्यांनी एकाच मजल्यावर मिळून गाळे मागितले तर भाव अधिक उतरतो आणि गिऱ्हाइकालाही येण्याचे कारण मिळते.

आणि सगळे लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्यानुसार भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. याच कायद्याने पागडीचा व्यवहारही कायदेशीर केला. तरी आपले लोक तोंडी भरवशावर लाखो रुपये मोजतात आणि पावती मागायला लाजतात. भरवसा माणसावर असतो. माणूस गेल्यावर त्याची मुले कागद विचारतात.

शेवटी जुन्या दुकानाबद्दल. त्या पागडीच्या जागेचा हक्क हीच अनेक कुटुंबांची खरी पुंजी आहे. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्याच जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो. म्हणून दुकानात बसणाऱ्या मुलाचे नाव धंद्याच्या कागदांत आजच येऊ द्या. पुनर्विकास आला तर घाईने किल्ली देऊ नका. भेंडी बाजारात १६.५ एकरांवरील सुमारे १,२५० दुकानांचा प्रश्न घेऊन २००९ मध्ये योजना उभी राहिली. पहिल्या टप्प्यातील इमारती तयार होईपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. तेवढा काळ गिऱ्हाईक कुठे जाईल, याचा विचार दुकानदारानेच करायचा असतो. नवे दुकान किती कार्पेटचे, रस्त्याच्या तोंडाला की आत, आणि तोवरची सोय कोणती, हे कागदावर आल्यावरच शटर खाली ओढा.

मुलाने नवी जागा पाहावी, वडिलांनी हिशेब तपासावा, आणि दोघांचे जुळेल तेव्हाच सही करावी. जुने दुकान मात्र नव्याचा जम बसेपर्यंत सोडू नये.