निकष आधी दाखवा

सध्या शाळाशाळांतून ‘रुब्रिक’ हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. निबंध वा प्रकल्प तपासण्यासाठी केलेला हा निकषांचा तक्ता. एका बाजूला मांडणी, भाषा, शुद्धलेखन असे निकष आणि प्रत्येकापुढे उत्तम कामापासून अपुऱ्या कामापर्यंतच्या पायऱ्यांचे शब्दांत केलेले वर्णन. यामुळे शिक्षकाचा कारकून होतो, अशी तक्रार आमच्यातील काही जाणती मंडळी करतात. आम्हांस ती मान्य नाही. १९१२ साली स्टार्च आणि इलियट या अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीची एक उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुण पन्नाशीपासून थेट नव्वदीपलीकडे पसरले. ज्यांना जुन्या पद्धतीची एवढी ओढ आहे, त्यांनी दहापैकी सहा म्हणजे नेमके काय, हे एखाद्या मुलाला समजावून दाखवावे.

आमचे भांडण वेगळे आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर, २०१० पासून, महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षभर निरीक्षण करून शिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात, हा हेतू चांगलाच होता. पण नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि तीच ती वाक्ये वर्गातील साऱ्या मुलांच्या प्रगतिपत्रकांवर उतरली. भरलेला वर्ग आणि वर निवडणुकीची कामे, तेव्हा शिक्षकाला सर्वस्वी दोषी धरवत नाही. मात्र तयार तक्ते विकत घेतले, तर रुब्रिकचेही हेच होणार.

पापनिवेदनापूर्वी दहा आज्ञांच्या आधारे आपण आत्मपरीक्षण करतो, ते स्वतः आणि आधी. निकषांचा तक्ताही काम सुरू होण्याआधी मुलाच्या हाती पडला, तरच त्याला अर्थ. मागाहून खुणा करून कपाटात ठेवलेला तक्ता केवळ तपासणीस येणाऱ्या साहेबांसाठी असतो.

दुसरी गोष्ट वसईकरांनी तरी विसरू नये. घरी कादोडी बोलणारे मूल वाडीविषयी लिहिताना घरचा शब्द लिहून जाते आणि ‘प्रमाण भाषा’ या ओळीत खाली घसरते. वाडीत पाणी कसे वळवतात, हे त्याने हुबेहूब सांगितलेले असते. पण त्यासाठी तक्त्यात ओळच नसते. शिक्षकाने एक ओळ कोरी ठेवावी आणि काम वाचून झाल्यावर भरावी.

आणि पालकहो, आपण? शाळेत श्रेणी तेवढी विचारतो आणि घरी येऊन मुलाच्या प्रकल्पातील चित्रे स्वतःच चिकटवतो. पुढच्या पालकसभेत एवढेच विचारावे: हा तक्ता मुलांना केव्हा दिला?