राहण्याजोगे शहर आणि शासनाची जबाबदारी

शहर राहण्याजोगे करणे हे शासनाचे कामच नव्हे, असा एक पक्ष ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीविषयीच्या चर्चेत वारंवार मांडला जातो. डोंबिवलीला गुढीपाडव्याची शोभायात्रा आणि वाचनालये रहिवाशांनी दिली, घरे बाजाराने दिली, सरकारने दिली ती फक्त अडवणूक, असे या पक्षाचे म्हणणे असून सरकारने बाजूला व्हावे, खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत आणि नागरिकांनी शिस्त पाळावी, एवढ्यावर त्याचा सारा कार्यक्रम संपतो.

यातील खरेदीदाराला केलेला उपदेश सर्वांत संतापजनक आहे. डोंबिवली परिसरातील 65 इमारतींच्या विकासकांनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्या आणि त्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच 2017 मध्ये स्थापन झालेल्या नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांत कुटुंबे राहत होती आणि त्यांतील अनेकांच्या डोक्यावर बँकेचे कर्ज होते. या कुटुंबांनी आणखी किती डोळे उघडे ठेवायचे होते? नोंदणी क्रमांक त्यांनी पाहिला होता आणि कर्ज देणाऱ्या बँकेनेही कागदपत्रे तपासली होती. तपासले नव्हते ते एवढेच, की एका सरकारी कार्यालयाने स्वीकारलेली परवानगी दुसऱ्या सरकारी कार्यालयाने खरोखर दिली आहे काय. ही उणीव नागरिकाच्या शिस्तीने कधीही भरून निघाली नसती. महारेराने पुढे परवानगीची स्थानिक संस्थेकडून पडताळणी आवश्यक केली, तेव्हा कुठे ती भरण्यास सुरुवात झाली, आणि हा उपाय धोरणाचाच होता. शिळफाट्याजवळ 4 एप्रिल 2013 रोजी अनधिकृत इमारत कोसळून 74 जण मृत्युमुखी पडले. सरकार बाजूला असले म्हणजे बाजार काय बांधतो, हे त्या दिवशी ठाण्याने पाहिले आहे.

शिस्तीचा मुद्दा तर जुनाच आहे. ही गावे मुंबईची शयनगृहे आहेत, पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री परतणाऱ्याला गावाशी देणेघेणे नसते, असे पूर्वी म्हटले जाई. त्या वादाला शोभायात्रांनीच उत्तर दिले असताना आज त्याच शोभायात्रा शासनाला मोकळे सोडण्यासाठी पुढे केल्या जातात. करदात्याच्या पैशाची उधळपट्टी होते, हा या पक्षाचा आणखी एक आक्षेप खरा आहे, पण तो चोख हिशेबाची मागणी करतो, शासनाच्या माघारीची नव्हे.

विरोधी पक्षाला एक गोष्ट मात्र द्यावीच लागेल. कल्याण-डोंबिवलीलगतची 27 गावे 1983 मध्ये महापालिकेत आली, 2002 मध्ये वगळली गेली आणि 2015 मध्ये पुन्हा आली. अशा धरसोडीने कोणतीही वस्ती उभी राहत नाही. परंतु हा दोष वाईट धोरणाचा आहे, त्यावरून धोरणच नको असे सिद्ध होत नाही.

धोरणाने काय साधते, याचे उदाहरण कल्याणमध्येच आहे. घनकचऱ्याची शास्त्रोक्त व्यवस्था नसल्याने उच्च न्यायालयाने 2015 मध्ये येथील नव्या बांधकामांवर बंदी घातली, आणि वर्षानुवर्षे हलत नसलेला आधारवाडी कचराभूमीचा प्रश्न ऐरणीवर आला. 2021 मध्ये ती कचराभूमी बंद झाली. न्यायालयाला जे आणीबाणीचा उपाय म्हणून करावे लागले, तेच शासनाने कायमचा नियम म्हणून करावे: ज्या प्रभागात पाणी, मलनिःसारण आणि कचरा पेलण्याची क्षमता नाही, तेथे वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात अनुज्ञेय असलेले जादा बांधकाम, मंजूर होऊ नये. ही क्षमता आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक केलेल्या प्रभाग समित्यांना असावा. आणि कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 नंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला, तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक घेतली जावी.